कातळावर घर बांधण्याआधी बोअर घेऊन जमिनीचे नमुने तपासावेत का? अनुभव आणि सल्ला हवा

सडेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सड्याच्या (कातळाच्या सपाट पठाराच्या) कडेला आमची ११ गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे. वरचा भाग उघडा कातळ आहे, खालचा भाग उतरत उतरत काजूच्या बागेत जातो आणि त्याच्याही खाली पऱ्या (छोटा ओढा) वाहतो. तिथे तळमजला आणि वर एक मजला असे साधारण १२ मीटर बाय १० मीटरचे घर बांधायचे ठरले आहे. आरसीसीचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांनी नकाशाला हात घालण्यापूर्वीच तीन ठिकाणी बोअर घेऊन जमिनीचे नमुने तपासून आणायला सांगितले.

वाडीतील जाणत्या मंडळींचे मत वेगळे आहे. ते म्हणतात की पायाखाली कातळ असताना माती कसली तपासायची? आमचे जुने चिरेबंदी घर दीड-दोन हात पाया खणून आजोबांच्या वेळी बांधले आणि ते अजून उभे आहे, हेही खरेच. शिवाय गेल्या वर्षी पाण्यासाठी बोअरवेल मारली तेव्हा मशीनवाल्याने वहीत "वर जांभा, मग माती, ३४ फुटांवर काळा दगड" असे लिहून दिले होते. एवढी माहिती पुरेशी नाही का? तपासणी करायचीच असेल तर ती कशी करून घ्यावी आणि आम्ही स्वतः तिथे हजर राहावे का, हेही ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया सांगावे.

पायाभरणी

सडेकर, तुमच्या अभियंत्यांनी योग्य तेच सांगितले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षे बांधकामे पाहतो, त्यावरून थोडे सविस्तर लिहितो.

जांभा म्हणजे बेसॉल्टसारखा खोलवर अखंड गेलेला खडक नव्हे. मूळच्या खडकातील विरघळणारे घटक पावसाच्या पाण्याने लाखो वर्षे धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहून घट्ट झाली, त्यातून हे वरचे कवच तयार झाले. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली केरळातील अंगाडीपुरम येथील याच दगडाला विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले, कारण खाणीत ओला असताना तो सहज कापला जातो आणि हवेवर वाळला की कडक होतो. आपल्या चिरेखाणीत हे रोज दिसते. पण खाणीत अजून एक गोष्ट दिसते, तिच्याकडे आपण दुर्लक्ष करतो. काही थर चिरे काढले की चिरा बनेनासा होतो आणि खाली पांढरट, पिवळसर, कुठे गुलाबी झाक असलेली, हाताला साबणासारखी गुळगुळीत लागणारी चिकण माती सुरू होते. ही माती उन्हाळ्यात कुदळीला दाद देत नाही आणि पाणी मुरल्यावर लोण्यासारखी होते. तिच्याखाली कुजका काळा दगड आणि मग ताजा काळवत्री (न कुजलेला काळा दगड), असा सर्वसाधारण क्रम असतो.

म्हणजे प्रश्न कातळ आहे की नाही हा नसून कातळाचे कवच किती जाड आहे आणि त्याखालची माती किती मऊ आहे हा आहे. सड्याच्या मधोमध कवच जाड असू शकते. कडेला, जिथे उतार सुरू होतो, तिथे ते पातळ होते, भेगाळते आणि खालची माती झऱ्यांबरोबर थोडी थोडी वाहून गेल्याने आत पोकळ्याही तयार झालेल्या असतात. तुमची जमीन नेमकी कडेला आहे.

आजोबांच्या घराविषयी मला पूर्ण आदर आहे. पण त्या घराचे वजन लांबच लांब चिऱ्यांच्या भिंतींतून सारखे जमिनीवर उतरते आणि थोडी हालचाल झाली तरी चुन्याचे किंवा मातीचे सांधे ती सामावून घेतात. आरसीसीच्या घरात तेच वजन मोजक्या खांबांतून मोजक्या जागी उतरते. एक खांब खचला आणि शेजारचा जागेवर राहिला, तर तुळयांना आणि भिंतींना तडे जातात. आयएस १९०४ या भारतीय मानकात आरसीसी चौकटीच्या सुट्या पायांसाठी शेजारच्या खांबांमधील खचण्याचा फरक अंतराच्या ०.००१५ पटीपर्यंतच मान्य धरलेला आहे. दोन खांबांत ४ मीटर अंतर असेल तर हा फरक होतो अवघा ६ मिलिमीटर.

बोअरवेलची वही या कामासाठी धरू नका. त्या यंत्रात हवेच्या दाबावर चालणारा हातोडा दगडाचा चुरा करून वर फेकतो. तो चुरा कुठल्या खोलीवरचा, थर घट्ट होता की सैल, यातले काही त्यातून मोजता येत नाही. "मग माती" या दोन शब्दांत तुमच्या घराचा सगळा प्रश्न दडलेला आहे.

आगरवाट

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे आणि आमच्यावर गुदरलेले इथे लिहिते, कारण ते वाचून कोणी सावध झाले तर बरे.

गुहागर तालुक्यात एका विकासकाकडून आम्ही उतारावर सपाट करून दिलेला प्लॉट घेतला. डोंगराच्या बाजूची जमीन कापून तीच माती खालच्या अंगाला टाकून, वरून रोलर फिरवून सपाटी केली होती. वरून पाहताना सगळीकडे सारखीच तांबडी माती दिसत होती, म्हणून आम्हीही शंका घेतली नाही. तपासणी न करता सगळे खांब ५ फूट खोल घेतले. मागचे खांब कापलेल्या मूळ जमिनीवर बसले आणि पुढचे भरावावर. दुसऱ्या पावसाळ्यात पडवीच्या बाजूला तिरपा तडा गेला, तिसऱ्या पावसाळ्यात त्या बाजूची दारे लागेनाशी झाली. नंतर नाइलाजाने पुढच्या बाजूला एक बोअर घेतला, तेव्हा कळले की तिथे साडेतीन मीटरपर्यंत भराव आहे आणि त्यात काजूच्या झाडांची खोडेसुद्धा तशीच पुरली गेली आहेत. ती कुजत होती आणि जमीन बसत होती. जे काम आधी आठवडाभरात झाले असते, ते आम्ही राहत्या घराला टेकू देऊन केले.

सडेकर, तुमच्या जागेजवळ जुनी चिरेखाण कधी होती का, हेही जुन्या माणसांना विचारून घ्या. बुजवलेली खाण वरून ओळखू येत नाही.

सडेकर

आगरवाट ताई, हे वाचून फार वाईट वाटले, आणि तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. खाण नव्हती, पण खालच्या बाजूला कधीकाळी गडगा घालून भर टाकली होती असे काका सांगतात.

एक शंका आहे. काजूच्या बागेसाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही माती परीक्षण करून घेतले होते. तो अहवाल अभियंत्यांना दाखवला तर चालेल का?

नमुनापेटी

तो अहवाल बागेसाठीच वापरा. शेतीच्या माती परीक्षणात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश पाहतात आणि नमुना वरच्या थरातून, अनेक ठिकाणची माती एकत्र मिसळून घेतात. पायासाठी याच्या नेमके उलट करावे लागते. प्रत्येक खोलीचा नमुना वेगळा ठेवायचा असतो आणि तो जमिनीत जसा होता तसाच प्रयोगशाळेत पोहोचवायचा असतो. मी अशाच एका प्रयोगशाळेत काम करते, म्हणून नमुन्यांबद्दल जरा जास्त लिहीन.

बोअरमध्ये ठरावीक खोलीवर, साधारणपणे दर दीड मीटरला आणि थर बदलेल तिथे, एसपीटी (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, म्हणजे नळा ठोकून थर किती घट्ट आहे ते मोजण्याची चाचणी) घेतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून मोकळा सोडून दोन फाकींचा पोलादी नळा जमिनीत ४५ सेंटिमीटर ठोकायचा. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे आणि पुढच्या ३० सेंटिमीटरला लागलेले ठोके म्हणजे 'एन' आकडा. चिकण मातीत हा आकडा २ ते ४ आला तर माती मऊ, ८ ते १५ आला तर ताठ. वाळूत १०च्या खाली आला तर सैल. पद्धत आयएस २१३१ मध्ये दिलेली आहे. ऐकायला सोपे वाटते, पण दोर कपीवर अडकत असेल, हातोडा पूर्ण उंचीवरून पडत नसेल किंवा बोअरच्या तळाशी गाळ साचलेला असताना नळा ठोकला असेल, तर आकडा चुकतो. आणि तो चुकला आहे हे प्रयोगशाळेत बसून आम्हाला कळत नाही.

दुसरा प्रकार अखंड नमुन्याचा. पातळ भिंतीची नळी मातीत दाबून आतली माती न विस्कटता वर आणतात आणि दोन्ही तोंडे लगेच मेणाने बंद करतात. तिच्यावरून मातीची ताकद आणि दाबाखाली ती किती बसेल हे काढले जाते. आमच्याकडे येणाऱ्या नळ्यांपैकी काही मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या टपावर दिवसभर राहिलेल्या असतात, काहींचे मेण तडकलेले असते. जांभ्याखालच्या मातीची ताकद तिच्यातल्या पाण्यावर इतकी अवलंबून असते की अशा सुकलेल्या नमुन्याची तपासणी जमीन आहे त्यापेक्षा चांगली दाखवते. धोका नेहमी त्याच बाजूचा असतो. म्हणून नळी सावलीत, ओल्या गोणपाटात, उभी ठेवावी आणि बोअरचा क्रमांक, खोली व तारीख नळीवर लिहावी. पिशवीतील नमुन्याला एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर असावी.

कातळासाठी हिऱ्याच्या बिटने गाभा कापून काढतात आणि ते तुकडे लाकडी पेटीत क्रमाने मांडतात. एका ओढीत (एका खेपेला कापलेल्या लांबीत) निघालेल्या तुकड्यांपैकी १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले ओढीची लांबी, यावरून खडक किती सलग आहे ते समजते. इथे कोकणातली एक खास अडचण सांगते. जांभा संपून माती सुरू झाली तरी मशीन तसेच चालू ठेवले, तर थंडाव्यासाठी सोडलेले पाणी ती माती धुऊन नेते आणि पेटीत काहीच येत नाही. मग नोंदीत "गाभा मिळाला नाही" एवढेच लिहिले जाते आणि वाचणारा त्याला ठिसूळ खडक समजतो. पेटीत रिकामी जागा दिसू लागली की कापणे थांबवून एसपीटी घ्यायला सांगा.

पुळण

आमचे घर मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्यालगत वाळूवर आहे, त्यामुळे कातळाचे मला फार ठाऊक नाही. वाळूचा एक अनुभव मात्र सांगतो. आमचा बोअर मे महिन्यात झाला आणि पाणी २.८ मीटरवर लागले, पण शेजारच्या विहिरीत श्रावणात हात घातला की पाणी लागते. आमच्या अभियंत्यांनी मे महिन्याचा आकडा बाजूला ठेवून पाणी पायाच्या तळाशी आहे असे धरूनच हिशेब केला. वाळूत पाणी तिथवर चढले की धारणक्षमता कोरड्या वाळूच्या साधारण निम्मी होते, असे त्यांनी समजावून सांगितले होते.

खारबांध

अलिबाग-पेण पट्ट्यातील खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) भराव टाकून केलेल्या प्लॉटविषयीही इथे लिहून ठेवतो, कारण हा धागा पुढे अनेक जण शोधून वाचतील. भरावाखाली काळसर, शिंपल्यांचे तुकडे असलेला खाडीचा गाळ असतो आणि त्यात नळा हातोडा न मारताच, सळ्यांच्या वजनाने खाली जातो असेही मी पाहिले आहे. अशा ठिकाणी भराव स्वतःच्याच वजनाने वर्षानुवर्षे खाली बसत राहतो, म्हणून बोअर गाळ संपून घट्ट थर लागेपर्यंत नेलाच पाहिजे. माती आणि भूजल या दोन्हींतील क्लोराइड, सल्फेट आणि सामू तपासून घ्या. सल्फेट काँक्रीटला आणि क्लोराइड आतल्या सळईला खाते. सिमेंट कुठले आणि सळईवरचे काँक्रीटचे आवरण किती, हे त्यावर ठरते. एक बाटली पाणी भरून पाठवण्याइतकेच हे काम आहे, तरी बहुतेक ठिकाणी ते राहून जाते.

पायाभरणी

नमुनापेटी यांनी जे लिहिले त्यात मला भर घालण्यासारखे थोडेच आहे. सडेकर यांनी विचारलेल्या बाकीच्या गोष्टी सांगतो.

किती बोअर घ्यावेत? आयएस १८९२ च्या १९७९ च्या आवृत्तीत साधारण ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास ४० गुंठ्यांच्या आटोपशीर जागेसाठी चार कोपऱ्यांत एकेक आणि मध्ये एक बोअर किंवा चाचणी खड्डा पुरेसा मानला आहे आणि लहान इमारतीसाठी मध्यभागी एकही चालतो असे म्हटले आहे. सपाट, एकजिनसी जमिनीत ते ठीक आहे. सड्याच्या कडेला एका बोअरवर मी विसंबणार नाही. तुमच्या अभियंत्यांनी तीन सांगितले ते उताराच्या दिशेने एका ओळीत घ्या, म्हणजे कवच कुठे पातळ होते ते कळेल. खोली सुट्या पायाच्या तळाखाली निदान त्याच्या रुंदीच्या दीडपट हवी, आणि काळा दगड लागल्यावर लगेच न थांबता ३ मीटर सलग खडक कापून पाहावा. कुजक्या दगडात मोठमोठे गोटे असतात आणि गोट्यालाच तळखडक समजून काम थांबवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

दराबाबत एवढेच सांगतो की यंत्र आणण्याचा खर्च, मातीतला मीटरचा दर, खडकातला मीटरचा दर, प्रत्येक एसपीटीचा आणि प्रयोगशाळेतील प्रत्येक चाचणीचा दर असे वेगवेगळे मागून घ्या. ठोक दर घेतला की चाचण्या कमी करण्याकडे कल होतो. आणि हो, हजर राहाच. वही घेऊन बसा. बोअरमध्ये सोडलेले पाणी वर परत येणे कधी थांबले, सळी कुठे एकदम खाली गेली, धुणाऱ्या पाण्याचा रंग कुठे बदलला, हे वेळ आणि खोलीसह लिहा. चोवीस तासांनी बोअरमधील पाण्याची पातळी पुन्हा मोजा.

सडेकर

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितो आहे. काम झाले आणि मी चारही दिवस तिथेच होतो. आकडे इथे देतो.

वरचा बोअर, क्रमांक १: जांभा ४.२ मीटरपर्यंत, त्याखाली खूप ताठ माती, एन १८ आणि २२. कुजका काळा दगड ९.५ मीटरवर.

मधला बोअर, क्रमांक २: जांभा २.६ मीटरवरच संपला. ३.१ मीटरवर परतीचे पाणी अचानक बंद झाले आणि सळी सुमारे ३० सेंटिमीटर विनाअडथळा खाली गेली. मशीनवाले तसेच पुढे जाणार होते; मी नमुनापेटी ताईंचे वाक्य आठवून त्यांना थांबवले आणि एसपीटी घ्यायला लावली. एन ६ आला, पुढे ७ आणि ९. हे घेतले नसते तर त्या जागी नोंदवहीत एक रेघ असती.

खालचा बोअर, क्रमांक ३: १.८ मीटर दगडगोट्यांचा भराव, म्हणजे काका सांगत होते तोच, आणि त्याखाली थेट चिकण माती. जांभा नाहीच.

आमच्या मूळ नकाशात घराचा पुढचा अर्धा भाग २ आणि ३ च्या मध्ये येत होता, कारण तिथून खाडी दिसते.

पायाभरणी

फार व्यवस्थित काम झाले आहे. आता हे आकडे कसे वाचायचे ते पाहू. समजा पाया २ मीटर रुंद आहे आणि १.२ मीटर खोलीवर ठेवला आहे. त्याचा दाब खाली रुंदीच्या दीडपट, म्हणजे आणखी ३ मीटर, जाणवण्याइतका पोहोचतो. जमिनीपासून मोजले तर ४.२ मीटरपर्यंत. क्रमांक १ वर एवढा सगळा भाग जांभ्याच्या कवचातच राहतो. क्रमांक २ वर मात्र कवच २.६ ला संपते, म्हणजे तिथला दाब १.६ मीटर तुलनेने मऊ मातीत आणि त्या पोकळीत उतरतो. दोन्ही खांब 'कातळावर'च असते, आणि तरी एक खचला असता.

शक्य असेल तर घर वर सरकवावे असे मी सुचवेन. अंतिम निर्णय अर्थातच तुमच्या अभियंत्यांचा.

आगरवाट

सडेकर, खाडी वरच्या मजल्यावरूनही दिसेल. घर वर घ्या.

खारबांध

एका मुद्द्यावर थोडा मतभेद नोंदवतो. घर वर सरकवल्याने पायाचा प्रश्न सुटेल, पण उताराचा प्रश्न वेगळा आहे आणि तीन बोअरमधून त्याचे पूर्ण उत्तर मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. तिथली परिस्थिती निराळी होती हे मान्य आहे, तरी घराच्या वरच्या अंगाचे पाणी कुठे जाते आणि उताराची कड कापली जाणार आहे का, याचा विचार याच अहवालाबरोबर व्हावा.

पायाभरणी

मतभेद नाही, तुमचे म्हणणे बरोबर आहे. त्याला जोडून एक गोष्ट: शोषखड्डा घराच्या आणि कडेच्या मध्ये घेऊ नका. वर्षभर तिथे पाणी मुरले तर ती माती उन्हाळ्यातही पावसाळ्यासारखीच राहील. क्रमांक १ चा बोअर बुजवण्यापूर्वी त्यात भोके पाडलेला पीव्हीसी पाइप उतरवून, तोंडावर झाकण लावून ठेवता आला तर पाण्याची पातळी पावसाळ्यात मोजता येईल.

सडेकर

घर ७ मीटर वर घेतले. अभियंत्यांनी आता सगळे खांब जाड कवचावर येतील असा नकाशा केला आहे, आणि प्रत्येक खांबाचा खड्डा झाल्यावर तळाला आणखी ३ मीटर बारीक छिद्र पाडून पोकळी नसल्याची खात्री करूनच काँक्रीट ओतायचे असे करारात लिहून घेतले आहे. वरच्या अंगाला चिऱ्यांचे गटार बांधून पाणी बाजूच्या व्हाळात (ओढ्यात) सोडायचे आहे आणि शोषखड्डा पूर्वेला, घरापासून लांब नेला आहे. वाडीतील दोघांनी आमच्या गाभ्याच्या पेट्या येऊन पाहिल्या. त्यांतील एकाचा मुलगा पुढल्या वर्षी घर बांधणार आहे आणि त्याने यंत्रवाल्यांचा पत्ता नेला. पेट्या गोठ्यात कोरड्या जागी ठेवल्या आहेत.

क्रमांक १ मध्ये पाइप ठेवला होता. मे अखेरीला त्यात पाणी ७.४ मीटरवर होते. काल, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, काकांनी दोरीला खडा बांधून मोजले. पाणी १.१ मीटरवर आले आहे. आकडा अभियंत्यांना कळवला आहे आणि ते पायाचा हिशेब या पातळीवर पुन्हा करत आहेत. तो होईपर्यंत खोदाई सुरू करणार नाही.